निवांत आणि एकशे एकोणीस पहारेकरी

प्रमाणित करण्यात येते की सदर व्यक्ती, स्त्री, वय एकोणपन्नास, अविवाहित, उंची मध्यम, चष्मा जाड, ही आमच्या संस्थेच्या रहस्यमाला विभागात मुद्रितशोधक या पदावर सलग बावीस वर्षे कार्यरत होती. वर्तणूक समाधानकारक. रजा अत्यल्प. सेवाकाळात तिने लेखकाच्या मूळ मजकुरात स्वतःच्या मनाने कोणताही बदल केल्याची नोंद कार्यालयात आढळून येत नाही.

नोंद नाही हे खरं आहे. अकरा वर्षांत तिने एकशे एकोणीस माणसांना मरू दिलं नाही.

ही सगळी माणसं पहारेकरी होती. कुणाला नाव नव्हतं. एखाद्याला गालावर तीळ, एखाद्याला खोकला, एवढाच काय तो ऐवज. तिसऱ्या प्रकरणात ती फाटकाशी उभी राहत आणि तिसरं प्रकरण संपायच्या आत आडवी होत, कारण मागच्या भिंतीवरून निवांत उतरलेला असे.

निवांत हा त्या रहस्यमालेचा नायक. दर महिन्याला एक पुस्तक, तळहाताएवढं, पातळ कागदाचं, मुखपृष्ठावर एका माणसाची पाठ. चेहरा कधीच नाही. तो चोर होता, पण घाई करत नसे. ज्याच्या घरी चोरी करायची त्याच्याच स्वयंपाकघरात आधी चहा करून प्यायचा आणि मग तिजोरीकडे वळायचा. ज्यांना लुटायचा ती माणसं लुटावीशी वाटतील अशीच असत. वाटेत कुणी आडवा आला तर मारायचा, पण कपाळाला आठी न घालता. जाताना कप विसळून पालथा घालून ठेवायचा. माणूस वाईट, पण कप विसळतो. एवढ्यावर वाचक विरघळत. स्वतःच्या घरी कप न विसळणारे तर जास्तच.

लेखकमहाशय सकाळी दात घासण्यापूर्वी एक प्रकरण लिहीत, जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या पानांवर, निळ्या शाईत, वाटाण्याएवढ्या अक्षरांत. छापून आलेलं पुस्तक त्यांनी कधी उघडलं नाही. "लिहिलंय ते मला माहीत आहे. मग वाचू कशाला?" असं ते म्हणत. प्रकाशक, ज्यांना सगळे मालक म्हणत, तेही वाचत नसत. त्यांचा विश्वास खपावर होता. म्हणजे निवांतची पुस्तकं गावभर वाचली जात, फक्त ती जिथून निघत तिथे ती वाचणारं एकच माणूस होतं. छापखान्यात तिला नुसतं 'बाई' म्हणत.

प्रूफ तपासायची जुनी रीत अशी, की एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने छापील प्रुफावर डोळा ठेवायचा. वाचायचं ते विरामचिन्हांसकट. ऐकलेलं आणि छापलेलं जुळलं नाही, तर छापलेलं चूक. कानावर येईल तेच मूळ. आणि वाचणाऱ्याच्या हातातल्या कागदात डोकवायचं नाही. ते जेवणाऱ्याच्या ताटात बघण्यासारखं. कार्यालयातला वाचणारा गृहस्थ चांगल्या पगारावर दुसरीकडे गेला तेव्हा मालकांनी ती जागा भरली नाही. बाई प्रुफं घरी आणू लागली आणि वाचायला वडील बसू लागले.

वडील निवृत्त वॉचमन होते. छत्र्यांच्या एका गोदामावर त्यांनी चाळीस वर्षं काढली. रात्रपाळी असल्यामुळे ते दिवसा झोपत, आणि बाईचं सगळं लहानपण कुजबुजत गेलं. भरदुपारी पडदे ओढलेले, भांडी हळू ठेवलेली, दाराची कडी दोन बोटांनी लावलेली. इतर मुलं अंधाराला भीत, हिला मोठ्या आवाजाची भीती वाटे. निवृत्त झाल्यावरही वडील दुपारी बरोबर चारलाच उठत. पडद्यातून पिवळा उजेड खोलीभर मुरलेला असे, चहाची वाफ त्यात जागच्या जागी उभी राही, आणि वडील चष्मा लावून कॅलेंडरची पानं मांडीवर घेत.

"'निवांतने खिडकी उघडली पूर्णविराम. बाहेर चांदणं होतं स्वल्पविराम, पण ते त्याच्या कामाचं नव्हतं पूर्णविराम.'"

आवाज एका पट्टीतला, तासाला एक फेरी मारणाऱ्या माणसाचा. ऐकता ऐकता भिंती मागे सरकत, आणि खोलीत कुठल्यातरी परक्या बंगल्याचा जिना उतरू लागे. वाचायची इतकी सवय झाली की वडील एरवीही तसंच बोलत. "चहात साखर नाही उद्गारचिन्ह," असं ते अजिबात न रागावता म्हणत.

दुसरी सवय त्याहून जुनी. गोदामात दर तासाला नोंदवहीत लिहायचं असे: काही विशेष नाही. चाळीस वर्षं लिहिलेलं वाक्य माणसाच्या तोंडात राहतंच. तब्येत कशी, काही विशेष नाही. बाई सतरा वर्षांची असताना आई गेली, तेव्हा भेटायला आलेल्यांनाही ते दारात उभे राहून हेच म्हणाले, आणि मग आत जाऊन संध्याकाळपर्यंत बाहेर आले नाहीत.

त्याच दारामागे खिळ्याला एक काळी छत्री होती, लाकडी दांड्याची. ती वापरायची नाही असा नियम होता. पाऊस आला तर थांबायचं, नाहीतर भिजायचं. आईची असेल असं समजून बाईने कधी विचारलं नाही.

एका दुपारी चारच्या सुमारास वडील वाचत होते. "'निवांतने त्याच्या मानेभोवती हात टाकला स्वल्पविराम, आणि पहारेकरी गतप्राण झाला पूर्णविराम. नवा परिच्छेद.'"

नवा परिच्छेद आला नाही. वडिलांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला.

"ह्याच्या घरी कोण कोण असतं, ते लिहीत नाहीत का गं?"

"बाबा, दोन ओळींचा माणूस तो. त्याला कुठलं घर?"

"ते आहेच. आम्ही दोन ओळींचेच असतो." चष्मा परत नाकावर चढला. "नवा परिच्छेद. 'तिजोरी उत्तरेच्या भिंतीत होती पूर्णविराम.'"

बाईने समासात पेन्सिल टेकवली आणि 'गतप्राण झाला'च्या जागी 'बेशुद्ध पडला' केलं. दोन शब्दांना दोन शब्द. ओळ हलत नाही, छपाईचे खिळे जुळवणारा कुरकुरत नाही.

मग हे चालूच राहिलं. सुऱ्याच्या पात्याऐवजी मूठ लागू लागली. विहिरीत पडलेला पहारेकरी कोरड्या हौदात पडू लागला. पुढच्या प्रकरणात एकाची विधवा रडत आली, तेव्हा बाईने तिची बायको केली आणि रडणं तसंच ठेवलं. रडायला माणूस मेलाच पाहिजे असं काही नाही. गालावर तीळ असलेल्या पहारेकऱ्याला लेखकमहाशयांनी विसरून तीनदा मारलं. तो तिन्ही वेळा वाचला, आणि त्याला बढती द्यावी अशी वाचकांची पत्रं आली.

वडिलांना यातलं काही माहीत नाही असं बाई धरून चालली होती. छापील पुस्तक तेही उघडत नसत. त्यांच्या हिशेबी दर महिन्याला त्यांचा एक सहकारी जात होता, आणि ते पूर्णविराम देऊन पुढे जात होते. सांगावं असं तिला शंभरदा वाटलं. पण ज्याने चाळीस वर्षं तासातासाला खरं लिहिलं, तो आधी चप्पल घालून मालकांकडे वर्दी द्यायला जाईल, याची तिला खात्री होती. ज्याच्यासाठी केलं त्यालाच सांगता येत नव्हतं.

बाहेर मात्र निवांत बदलत गेला. वाचक लिहू लागले की हा चोर आहे, खुनी आहे, पण गरिबाच्या अंगाला हात लावत नाही. एका प्राध्यापकांनी त्याच्या अंतःकरणातल्या संघर्षावर चौदा पानं लिहिली: सावकाराचा गळा दाबणारे हात पहारेकऱ्यापाशी येऊन का थबकतात? लेखकमहाशयांना सभांची बोलावणी येऊ लागली. तिथे त्यांना त्यांच्या नायकाच्या दयाबुद्धीविषयी प्रश्न विचारत आणि ते मिशीवरून हात फिरवत म्हणत, "ते गुपित आहे." खरोखरच होतं. त्यांनाही ठाऊक नव्हतं.

फुटलं ते सिनेमामुळे. निवांतवर सिनेमा करायचं ठरलं, आणि पटकथा लिहिणाऱ्या माणसाने, तो नवखा होता म्हणून, सगळी पुस्तकं खरंच वाचली. मग त्याने लेखकमहाशयांना विचारलं की पहारेकऱ्याला न मारण्याचा नियम कुठल्या पुस्तकापासून सुरू झाला. लेखकमहाशयांनी आयुष्यात प्रथमच स्वतःचं पुस्तक उघडलं. मग दुसरं उघडलं. मग कॅलेंडरांचा गठ्ठा घेऊन ते मालकांच्या कार्यालयात आले.

बाईला आत बोलावलं तेव्हा टेबलावर दोन ढीग होते. एकात माणसं मेलेली होती, दुसऱ्यात जिवंत.

"अकरा वर्षं," लेखकमहाशय म्हणाले, "माझा माणूस तुम्ही सुधारत होतात?"

"नाही साहेब. तो तसाच आहे. फक्त ते बेशुद्ध पडतात."

"अहो, तो खुनी आहे!"

"आहे ना. बाकी सगळे मरतातच की. त्या बँकवाल्याला तर तुम्ही फार छान मारलंत."

लेखकमहाशय क्षणभर विरघळले, पण सावरले. "हे बघा बाई, मी नवीन पुस्तक लिहिलंय. त्यात एक आख्खं प्रकरण एका पहारेकऱ्यावर आहे. दोन ओळी नाहीत, एक प्रकरण! त्याच्या शेवटी तो मरतो. झोपेत. मूळ प्रतीपेक्षा एक जरी शब्द वेगळा छापला गेला..."

"तर तुमचं काम गेलं," मालकांनी वाक्य पुरं केलं. "मी काही करू शकणार नाही, बाई. सिनेमाची माणसं आहेत मध्ये."

बाई प्रुफं आणि हस्तलिखित पिशवीत घालून घरी निघाली. पगार जाईल ही काळजी होतीच. पण वाटेत तिला दिसत होती ती चारची वेळ: पडदा, पिवळा उजेड, आणि हातात वाचायला काहीच नसलेले वडील. त्या वेळी दोघांनी एकमेकांशी काय बोलायचं, हे तिला सुचेना. इतक्या वर्षांतली त्यांची बहुतेक बोलणी निवांतने केली होती.

तिने ठरवलं, छापलंय तसं जाऊ द्यायचं. एकशे एकोणीस वाचले, एक गेला. ह्यापेक्षा जास्त कुणी काय करावं?

वडिलांना तिने एवढंच सांगितलं, "बाबा, ह्या वेळी एकही शब्द इकडचा तिकडे झाला तर माझी नोकरी जाणार आहे. नीट वाचा."

"मी कधी वेडंवाकडं वाचलंय प्रश्नचिन्ह," वडील म्हणाले आणि पान मांडीवर घेतलं.

ते प्रकरण चांगलं होतं; रागाने माणूस कधीकधी चांगलं लिहितो. रविवारची दुपार. बंद गोदाम. पत्र्यावर ऊन. सलग दोन पाळ्या केलेला पहारेकरी स्टुलावर बसल्या बसल्या पेंगतो आणि त्याला स्वप्नात पाणी दिसतं. वडील वाचत गेले. आवाज नेहमीसारखाच, पण फेरी हळू पडत होती. प्रूफ बाईसमोर होतं, पुढच्या दोन ओळी तिच्या डोळ्यांनी आधीच गाठल्या होत्या: निवांत त्याच्यामागे उभा राहिला. त्याने दोरी काढली.

"'निवांत त्याच्यामागे उभा राहिला पूर्णविराम,'" वडिलांनी वाचलं. मग थांबले. मग त्याच पट्टीत पुढे म्हणाले, "'पहारेकऱ्याच्या तोंडावर ऊन आलं होतं पूर्णविराम. निवांतने ढिगातली एक छत्री उचलली स्वल्पविराम, उघडली स्वल्पविराम, आणि झोपेतल्या माणसावर सावली पडेल अशी दोन पोत्यांत खोचून ठेवली पूर्णविराम. मग आपल्या कामाला गेला पूर्णविराम. प्रकरण समाप्त.'"

खोलीत कप थंड होत होते. प्रुफात दोरी होती, कानात छत्री. डोकवायचं नाही. ऐकलेलं आणि छापलेलं जुळलं नाही, तर छापलेलं चूक.

"परत एकदा वाचता का, बाबा?"

त्यांनी परत वाचलं. एकही स्वल्पविराम हलला नाही.

बाईने दोरीच्या ओळी खोडल्या आणि समासात छत्री लिहून घेतली. अक्षर स्वच्छ आलं.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं? मी आजवर काय करत होते ते?"

"पेन्सिलीचा आवाज येतो गं. माणूस मेला की बरोबर दोन शब्दांएवढा. चाळीस वर्षं आवाजच ऐकण्याचा पगार घेतला."

"मग बोलला नाहीत कधी?"

"काय बोलायचं होतं? बरं वाटायचं." ते दाराकडे बघत होते. "तू दोन वर्षांची होतीस. रविवार होता. मला झोप लागली. जागा झालो तर डोळ्यांवर काळं आकाश. म्हटलं, मेलो वाटतं. मग काड्या दिसल्या. छत्रीच्या. आत जाऊन पाहिलं तर मागची कौलं काढलेली, आणि माल कमी."

"मग?"

"मग वहीत लिहिलं."

काय लिहिलं ते तिने विचारलं नाही.

"कुणाच्या लक्षात नाही आलं. आणि ही घरी आणली," वडील म्हणाले. "का आणली, ते अजून कळलेलं नाही. परत ढिगात ठेवावीशी वाटेना. तो कोण होता, देव जाणे. चोरच होता. पण ऊन बघून थांबला. एवढं कोण करतं?"

पुस्तक निघालं. आठव्या दिवशी लेखकमहाशय तीन मजले चढून घरी आले आणि दम घेत दारात उभे राहिले. बाईने खुर्ची दिली. त्यांनी बसता बसता कॅलेंडरचं पान वडिलांसमोर धरलं.

"तुम्हीच ना वाचलंत? वाचा. माझ्यासमोर वाचा."

वडिलांनी चष्मा लावला, पान लांब धरलं आणि वाचलं. ऊन, ढीग, छत्री, दोन पोती, सगळी विरामचिन्हं. लेखकमहाशय त्यांच्या खांद्यावरून पाहत होते. पानावर त्यांच्याच वाटाण्याएवढ्या अक्षरांत दोरी होती, आणि म्हातारा त्या दोरीवर बोट ठेवून छत्री वाचत होता, न अडखळता, नोंदवही वाचावी तसा. पडद्यातून उजेड येत होता. काही वेळ असा गेला की नेमकं काय लिहिलं आहे, हे तिघांपैकी कुणालाही सांगता आलं नसतं.

"छत्री," लेखकमहाशय अखेर हळूच म्हणाले, "कुठल्या रंगाची?"

"काळी. लाकडी दांडा."

ते उठले. दारामागे त्यांची नजर गेली. तिथे काही क्षण थांबून ते जिना उतरून गेले. उतरताना मात्र निवांत उतरले, असं बाई सांगते.

पुढचं सगळं रीतसर झालं. सिनेमाच्या जाहिरातीवर चेहरा न दिसणारा माणूस आणि उघडी काळी छत्री आली. ती छत्री आपल्याला दोन वर्षं छळत होती, असं लेखकमहाशयांनी एका सभेत सांगितलं, तेव्हा मागच्या रांगेत एक बाई रडली. ती आपली बाई नव्हे. आपल्या बाईला रहस्यमालेतून काढलं. "हिच्या हाती दिला तर एक दिवस तो चोरीसुद्धा सोडेल," असं लेखकमहाशय मालकांना म्हणाले, आणि मालकांनी, सिनेमावाल्यांपुढे कागद स्वच्छ असावा म्हणून, वर दिलेला दाखला देऊन तिला वेळापत्रक विभागात वर्ग केलं. तिथे बसगाड्यांच्या वेळा छापतात.

वडील तेही वाचतात, चारनंतर. "'सहा पंचवीस स्वल्पविराम, सहा चाळीस स्वल्पविराम, सात पाच पूर्णविराम.'" मध्येच एकदा म्हणाले, "ह्यात कुणी मरत नाही, बरं आहे." डोळे मिटून ऐकलं तर त्या वेळांमधून रिकाम्या बसगाड्या कुठेतरी जात असतात, सावकाश, दिवे न लावता.

परवा प्रुफं पोचवायची होती आणि पाऊस लागला. बाई खिडकीशी थांबून राहिली, नियमाप्रमाणे.

"छत्री घेऊन जा की," वडील म्हणाले.

तिने खिळ्यावरची छत्री काढली, खाली रस्त्यावर जाऊन उघडली आणि प्रुफांची पिशवी पोटाशी धरली. गोदामाच्या नोंदवहीत त्या रविवारपुढे 'काही विशेष नाही' असं आहे, आणि संस्थेच्या दाखल्यात बाईपुढे 'कोणताही बदल नाही'. दोन्ही कागद खरे धरले तर ही छत्री जगात नाही.

ती गळते.